मुळात न सापडणारे गुणसूत्र

मनमाडच्या बाजारातून आणलेला कांदा पाण्याच्या पेल्यावर ठेवला, की दोन-तीन दिवसांत त्याला पांढरी मुळे फुटतात. मुळाचे टोक रंगवून काचपट्टीवर दाबायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजायची : 16. मुळात 16, म्हणून साऱ्या झाडात 16, असे आपण वर्गात निःशंकपणे सांगतो. ज्वारीच्या एका रानटी नातलगाच्या बाबतीत मात्र हे गृहीत धरता येत नाही.

काही वनस्पतींत नेहमीच्या गुणसूत्रांखेरीज काही जादा गुणसूत्रे आढळतात. एकाच जातीच्या काही झाडांत ती असतात, काहींत नसतात. नसली तरी झाडाचे काही अडत नाही. मक्यातील अशा गुणसूत्रांना रँडॉल्फ यांनी 1928 मध्ये ‘बी गुणसूत्रे’ हे नाव दिले.

कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात काम केलेल्या डॉ. जानकी अम्माळ यांनी 1939 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये रानटी ज्वारीतील जादा गुणसूत्रांची नोंद केली. 1940 मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी आणखी नवलाची गोष्ट मांडली. सोर्घम पर्प्युरिओसेरिसियम या गवतात ही गुणसूत्रे फुलोऱ्यातील पेशींत दिसत. मुळांत ती नसत. या गवताच्या भारतीय उपप्रजातीचे नावच दख्खनवरून पडले आहे. त्याची नेहमीची गुणसूत्रे 10. केवळ मुळे तपासणाऱ्याला तेवढीच दिसली असती!

उपयोग नसलेली गुणसूत्रे मग टिकतात कशी? उलट, त्यांची संख्या वाढली तर बीजधारणा घटते. उत्तराचा मोठा भाग रोमन यांनी 1947-48 मध्ये मक्यात शोधला. परागकणात दोन नरपेशी तयार होताना बी गुणसूत्राच्या दोन्ही प्रती बहुधा एकाच पेशीत जातात आणि अंडपेशीशी मीलन होण्याचा मान बहुतेक वेळा त्याच पेशीला मिळतो. साहजिकच पुढच्या पिढीत हे गुणसूत्र आपल्या न्याय्य वाट्याहून अधिक पोहोचते. झाडाचे भले न करताही ते टिकते. ‘जे उपयोगी तेच टिकते’ हे वाक्य आपण शिकवतो. पण उपयोगी कोणाला, हेही विचारायला हवे. पुढच्या पिढीची वाट फुलातून जाते, मुळातून नव्हे. म्हणून मुळातून नाहीसे झाल्याने बी गुणसूत्राचे काही बिघडत नाही.

ही गुणसूत्रे आली कोठून? राय या धान्यातील बी गुणसूत्र नेहमीच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांपासून सुमारे 11 ते 13 लाख वर्षांपूर्वी घडले, असे 2012 मध्ये दिसून आले. अम्माळ यांच्या गवतातील बी गुणसूत्राच्या डीएनएचे पहिले वाचन 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे ते ओळखण्याच्या खुणा हाती आल्या.

पुढच्या वेळी मुळाबरोबर कांद्याच्या डेंगळ्यावरची न उमललेली कळीही तपासावी. परागकोशात योग्य अवस्थेतील पेशी मिळाल्या, तर गुणसूत्रांच्या 8 जोड्या दिसतील. हिशेब तोच येईल. पण मग तो गृहीत धरलेला नसेल, पाहिलेला असेल.