प्रा. नॉर्मन अब्रॅमसन आणि ‘अलोहा’ पद्धती

संगणकांच्या बिनतारी जाळ्यांचा इतिहास सांगताना हवाई विद्यापीठातील ‘अलोहा’ प्रकल्पाचे श्रेय बहुधा भूगोलास दिले जाते. हवाई हा द्वीपसमूह. तेथे तारायंत्रणा दुष्कर. म्हणून बिनतारी जाळे, अशी ही उपपत्ती होय. ती असत्य नसली, तरी अपुरी आहे. प्रकल्पाचे प्रवर्तक प्रा. नॉर्मन अब्रॅमसन यांची कारकीर्द पाहता, या शोधाचे मूळ संभाव्यताशास्त्रीय विचारातही शोधावे लागते.

अब्रॅमसन यांचा जन्म १९३२ साली बॉस्टन येथे झाला. हार्वर्ड येथे भौतिकीचे अध्ययन केल्यानंतर त्यांनी १९५८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली व काही वर्षे तेथेच अध्यापन केले. माहिती-सिद्धांत व संकेतन यांवरील त्यांचा ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला. हवाई येथे बिनतारी संगणक-संपर्काचे संशोधन सप्टेंबर १९६८ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्यांच्यापाशी ही सैद्धांतिक शिदोरी होती.

दूरध्वनीच्या व्यवस्थेत संभाषण संपेपर्यंत संपूर्ण मार्ग एकाच जोडीसाठी राखून ठेवला जातो. संगणकाचा वापरकर्ता मात्र एखादी ओळ पाठवतो आणि मग विचार करीत बसतो. तेवढा वेळ मार्ग रिकामा राहतो. अब्रॅमसन यांनी १९७० च्या निबंधात निराळा मार्ग सुचविला. सर्वांनी एकच वाहिनी वापरावी व मनास येईल तेव्हा पॅकेट पाठवावे. दोन पॅकेटांची टक्कर झाल्यास पोच येणार नाही. मग यादृच्छिक कालावधीनंतर तेच पॅकेट पुन्हा पाठवावे.

या पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेचा जास्तीत जास्त १८.४ टक्के उपयोग होतो, असे गणिताने ठरते. हा आकडा प्रथमदर्शनी निराशाजनक वाटतो. तथापि जून १९७१ मध्ये कार्यान्वित झालेल्या जाळ्याचे पॅकेट कमाल ७०४ बिटांचे व वेग सेकंदास ९६०० बिट होता. प्रत्येकाने सरासरी ३० सेकंदांत एक पॅकेट पाठविले, असे धरल्यास एका वाहिनीवर तत्त्वतः सुमारे ७५ वापरकर्ते सामावतात. अपव्यय कशास म्हणावे, हे वापराच्या स्वरूपावर अवलंबून असते, हेच येथे सिद्ध झाले.

या मुक्ततेची किंमतही होती. भार मर्यादेबाहेर गेल्यास टकरी वाढतात, पुनःप्रेषण वाढते व उपयुक्त वहन उलट घटते. पुढील संशोधन याच उणिवेतून उद्भवले. लॅरी रॉबर्ट्स यांनी १९७२ मध्ये काळाचे समान खंड पाडून मर्यादा ३६.८ टक्क्यांवर नेली. रॉबर्ट मेटकाफ यांनी अलोहाचा अभ्यास करून १९७३ मध्ये ‘इथरनेट’ची कल्पना मांडली, तीत पाठविण्यापूर्वी वाहिनी मोकळी आहे की नाही, हे पाहण्याची योजना होती. जीएसएम दूरध्वनीतही पहिली संपर्कविनंती खंडित अलोहा पद्धतीनेच पाठविली जाते.

अब्रॅमसन २०२० साली निवर्तले. बेटांची अडचण हे अलोहाचे निमित्त होते. परंतु ती पद्धती बेटांबाहेर सर्वत्र उपयोगी पडली, याचे कारण तिने सोडविलेला प्रश्न बेटांपुरता नव्हता. टक्कर टाळण्याऐवजी तिचा हिशेब मांडणे, हे अब्रॅमसन यांचे खरे कार्य होय.