वाक्य समजते तेव्हा: प्रस्तावना

भाषा समजणे आणि तर्क करणे ही दोन कामे आपण एरवी वेगळी धरतो. एक व्याकरणाच्या तासाला, दुसरे तर्कशास्त्राच्या. पुढील पानांत ती एकत्र भेटतील, आणि त्यांची ही भेट घडवण्याचे मोठे श्रेय फिलिप जॉन्सन-लेअर्ड या मानसशास्त्रज्ञांना आहे. लीड्सचा हा मुलगा पंधराव्या वर्षी शाळेतून बाहेर पडला. बांधकामाच्या मोजमापाची नोकरी आणि पियानोवादन अशी कामे करून मग तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकायला आला. तिथे त्यांना पीटर वेसन हे गुरू भेटले. पुढे केंब्रिज आणि १९८९ पासून अमेरिकेतील प्रिन्स्टन असा त्यांचा प्रवास झाला. १९८३ च्या ‘मेंटल मॉडेल्स’ या ग्रंथात त्यांनी मांडलेला विचार थोडक्यात असा: वाक्य समजले म्हणजे त्यातल्या परिस्थितीची एक प्रतिकृती मनात उभी राहिली, आणि तर्क म्हणजे त्याच प्रतिकृतीची तपासणी. गेल्या शतकातल्या मानसशास्त्राने दिलेल्या सर्वांत सुपीक कल्पनांत मी हिची गणना करतो.

कल्पनेचे मूळ त्यांच्याही आधीचे आहे. केंब्रिजच्या केनेथ क्रेक यांनी १९४३ मध्ये लिहिले होते की मन बाहेरच्या जगाची छोटी प्रतिकृती बाळगते आणि प्रत्यक्ष कृतीआधी ती चालवून पाहते. दोनच वर्षांनी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, सायकलच्या अपघातात ते गेले. ज्या संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक होते, तिथेच नंतर जॉन्सन-लेअर्ड यांनी काम केले.

पण अशी प्रतिकृती खरोखर असते कशावरून? १९७२ मध्ये जॉन ब्रॅन्सफर्ड आणि सहकाऱ्यांनी लोकांना एक साधे वाक्य ऐकवले: तीन कासवे तरंगत्या ओंडक्यावर विसावली होती आणि त्यांच्याखालून एक मासा पोहत गेला. नंतर विचारले, तुम्ही ऐकलेले वाक्य ‘त्यांच्याखालून’ होते की ‘त्याच्याखालून’, म्हणजे ओंडक्याखालून? लोकांना सांगता येईना. कासवे ओंडक्यावर आहेत म्हटल्यावर दोन्ही वाक्यांचे दृश्य एकच. मात्र कासवे ओंडक्याच्या शेजारी आहेत असे सांगितले, की हा गोंधळ ओसरतो, कारण आता दोन वाक्यांची दोन दृश्ये होतात. शब्द विरतात आणि दृश्य उरते, हे याहून स्वच्छ दाखवणारा प्रयोग मला माहीत नाही.

त्याच्या जोडीला १९८२ चा एक प्रयोग वाचावा. कन्नन मणी आणि जॉन्सन-लेअर्ड यांनी टेबलावरच्या वस्तूंची वर्णने दिली: चमचा सुरीच्या डावीकडे, ताटली सुरीच्या उजवीकडे, आणि असेच पुढे. अशा वर्णनाची मांडणी एकच होते. दुसऱ्या वर्णनात ताटली ‘चमच्याच्या उजवीकडे’ एवढेच सांगितले. मग ती सुरीच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे ठरत नाही आणि मांडण्या दोन होतात. नंतर आठवायला सांगितले तेव्हा पहिल्या प्रकारात लोकांना मांडणी चांगली आठवली. दुसऱ्या प्रकारात मांडणी निसटली, पण मूळ शब्द तुलनेने अधिक टिकले. चित्र एकच बनत असेल तर मन शब्द सोडून देते. चित्र ठरत नसेल तर शब्दांनाच धरून राहते. परीक्षेच्या आदल्या रात्री न समजलेला धडा शब्दशः पाठ करणारा विद्यार्थी कदाचित हेच करत असतो.

आता तर्काकडे. वेसन यांनी १९६६ मध्ये मांडलेले चार पत्त्यांचे कोडे वाचकाने पुढे वाचण्याआधी स्वतः सोडवून पाहावे. पत्त्यांवर दिसतात ई, के, ४ आणि ७. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूस इंग्रजी अक्षर, दुसऱ्या बाजूस अंक. नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम खरा की खोटा हे ठरवायला कोणते पत्ते उलटावेच लागतील? बहुतेक जण ई उलटतात, पुष्कळ जण ४ सुद्धा. उत्तर आहे ई आणि ७, कारण सातच्या मागे स्वर निघाला तर नियम मोडतो. दहांत जेमतेम एकाला हे सुचते. जॉन्सन-लेअर्ड यांचे स्पष्टीकरण असे, की नियम ऐकताच आपण तो खरा ठरवणारी शक्यता मनात मांडतो आणि खोटा ठरवणारी मांडतच नाही. सात त्या चित्रात येतच नाही.

आपल्या न्यायशास्त्रात शिकणाऱ्याला याच चुकीपासून वाचवले जाते. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरे. म्हणून जिथे अग्नी तिथे धूर, असे म्हणाल तर नैयायिक तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे करतो. त्यात अग्नी आहे, धूर नाही. असे प्रतिउदाहरण शोधणे हाच जॉन्सन-लेअर्ड यांच्या मते चांगल्या तर्काचा प्राण आहे.

विषय ओळखीचा झाला तर हे शोधणे सोपे होते. १९७२ मध्ये पाओलो आणि मारिया लेग्रेन्झी यांच्यासह त्यांनी पत्त्यांऐवजी टपालाची पाकिटे ठेवली: पाकीट बंद असेल तर ५० लिराचे तिकीट हवे. त्या काळी असे टपालनियम लोकांच्या परिचयाचे होते, आणि बहुतेकांनी योग्य पाकिटे उलटली. तर्काचा साचा तोच होता. मात्र पुढे १९८२ मध्ये फ्लोरिडातील विद्यार्थ्यांना, ज्यांना हा टपालनियम अनोळखी होता, त्याचा लाभ झाला नाही. मद्यपानाच्या वयाचा नियम दिल्यावर त्यांतील बऱ्याच जणांना कोडे सुटले.

१९८९ चा रूथ बर्न यांचा प्रयोग मला याहूनही मोलाचा वाटतो. ‘तिला निबंध लिहायचा असेल तर ती ग्रंथालयात उशिरापर्यंत बसेल. तिला निबंध लिहायचा आहे.’ निष्कर्ष कोणीही काढेल. पण मध्ये ‘ग्रंथालय उघडे असेल तर ती उशिरापर्यंत बसेल’ हे वाक्य घातले, की निम्म्याहून अधिक लोक तोच निष्कर्ष काढायला कचरतात. पाठ्यपुस्तकी तर्कशास्त्र याला चूक म्हणेल. मी म्हणणार नाही. ऐकणाऱ्याने ग्रंथालयाला कुलूप असण्याची शक्यता मनात मांडली, एवढेच झाले.

या विचाराला विरोधकही तोलामोलाचे मिळाले. लान्स रिप्स यांच्या मते मनात तर्काचे नियमच असतात, चित्रे नव्हेत. माइक ओक्सफर्ड आणि निक चेटर म्हणतात, माणूस संभाव्यतेचे गणित करतो, आणि त्या गणिताने ४ चा पत्ता उलटण्याची ‘चूक’ही शहाणपणाची ठरते. वाद मिटलेला नाही. नव्या अभ्यासकाने कोणत्याही एका बाजूचे ग्रंथ वाचून थांबू नये.

मराठीत शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. वर सांगितलेले प्रयोग इंग्रजी वाक्यांवर घडले. मराठीत आपण रोज ‘जर’ गाळून नुसत्या ‘तर’वर अटी घालतो: ‘पाऊस पडला तर येणार नाही.’ ‘जर’ असताना आणि नसताना ऐकणारा तेवढ्याच शक्यता मनात मांडतो का? हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. चार कार्डे, एक वर्ग आणि उत्तरे प्रामाणिकपणे टिपणारी वही पुरते. ते काम तुमच्यापैकी कोणीतरी हाती घ्यावे.