हातांचे भाषण आणि कानांचे गुण

अफजलपूर तालुक्यातील गाणगापूर हे श्रीनृसिंहसरस्वतींच्या वास्तव्याने पावन झालेले क्षेत्र. भीमा-अमरजेच्या संगमाला जाणाऱ्या आणि घरी सप्ताह करणाऱ्या आपल्या घराण्यांना गुरुचरित्रातील त्यांच्या बालपणाची कथा नव्याने सांगावी लागत नाही. कारंजा येथे जन्मलेले बालक सात वर्षांचे होईपर्यंत ओंकाराखेरीज एकही शब्द उच्चारीत नाही. आईवडील चिंतेत पडतात. मुक्याची मुंज कशी करणार, त्याला गायत्री कशी शिकविणार, अशी कुजबुज गावात सुरू होते. बालक मात्र हाताच्या खुणांनी सांगते, की मुंज झाल्यावर मी बोलेन. पुढे मुंज होते, बालकाच्या मुखातून वेद प्रकटतात आणि गाव थक्क होते.

कथा ऐकणाऱ्यांचे लक्ष साहजिकच वेदोच्चाराकडे जाते. कथेच्या श्रद्धेच्या अंगाला यत्किंचितही धक्का न लावता आम्ही वाचकांचे लक्ष त्याआधीच्या एका लहानशा प्रसंगाकडे वेधू इच्छितो. बालकाने खुणांनी सांगितलेले आईवडिलांना कळले होते आणि त्यावर विसंबून त्यांनी मुंजीची तयारी केली होती. गावाला मात्र तोंडातून शब्द निघेपर्यंत या बालकाला काही सांगावयाचे आहे असे वाटलेच नाही. एकाच वक्त्याचे हे दोन श्रोतृवर्ग: एक हातांकडे पाहणारा आणि दुसरा ओठांची वाट पाहणारा. बधिर वक्ते जगात जेथे जेथे सभेपुढे उभे राहिले, तेथे तेथे हे दोन श्रोतृवर्ग त्यांच्यासमोर होतेच. कोणता श्रोतृवर्ग परीक्षकाच्या आसनावर बसला, यावर त्या वक्त्यांचे भवितव्य ठरत गेले.

आपल्याकडे वक्तृत्वाची प्रतिष्ठा मोठी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रात गावोगावी व्याख्यानमालांची परंपरा रुजली. बोलणाऱ्याचे हुलगेही खपतात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, अशा अर्थाची म्हण आपल्या घरांत लहानपणापासून कानी पडते. वक्तृत्व स्पर्धांच्या गुणपत्रिकेतही आवाजातील चढउतार, उच्चारांची स्पष्टता, हावभाव आणि विषयाची मांडणी असे रकाने ठरून गेलेले असतात. यांपैकी पहिले दोन रकाने कानाचे आहेत. ज्याच्या भाषणाला आवाजच नाही, त्याचे भाषण या पत्रिकेवर कसे मोजावयाचे, हा प्रश्न वरवर लहान दिसतो. परंतु त्याच्या पोटात दोन-अडीच शतकांचा इतिहास आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस येथे आबे द लेपे या धर्मोपदेशकाने बधिर मुलांना हातांच्या खुणांच्या आधारे लिहावयास-वाचावयास शिकविले आणि आपल्या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके लोकांसमोर भरविली. १७८९ साली त्यांचे निधन झाल्यावर आबे सिकार यांनी ती प्रथा पुढे चालविली. सिकार यांच्या सभांत जाँ मास्यू आणि लोराँ क्लेर हे दोन बधिर पुरुष विशेष गाजले. प्रेक्षकांनी प्रश्न विचारावा, तो खुणांनी त्यांच्यापर्यंत पोहोचवावा आणि त्यांनी फळ्यावर उत्तर लिहावे, अशी रीत असे. कृतज्ञता म्हणजे काय, या प्रश्नावर ती हृदयाची स्मृती होय असे उत्तर मास्यूने दिले आणि ते पुढे सर्वतोमुखी झाले. तरीही या सभांतील कौतुकाची जात ध्यानात घेण्याजोगी आहे. बहिऱ्यालाही बुद्धी असते, याचेच लोकांना नवल वाटे. चांगल्या उत्तराला मिळालेली दाद वेगळी आणि उत्तर आलेच कसे याचे आश्चर्य वेगळे. मास्यू आणि क्लेर यांच्या वाट्याला बहुधा दुसरेच आले.

यानंतर क्लेर अमेरिकेस गेला. थॉमस गॅलॉडेट यांच्यासह त्याने १८१७ साली हार्टफर्ड येथे बधिरांची शाळा उभी केली. पुढच्याच वर्षी, २८ मे १८१८ रोजी, कनेटिकटचे गव्हर्नर आणि विधिमंडळाचे सभासद यांच्यासमोर त्या शाळेची जाहीर परीक्षा झाली. त्या प्रसंगीचे भाषण क्लेरने लिहिले होते आणि गॅलॉडेट यांनी ते वाचून दाखविले. विचार एकाचा, आवाज दुसऱ्याचा. तरी भाषण कोणाचे याविषयी तेथे कोणास शंका नव्हती. पॅरिसमध्येही फर्दिनांद बेर्तिए या बधिर शिक्षकाच्या पुढाकाराने १८३४पासून द लेपे यांच्या स्मरणार्थ मेजवान्या भरू लागल्या. तेथे खुणांच्या भाषेत भाषणे होत. दुभाष्याची गरज लागे ती ऐकू येणाऱ्या पाहुण्यांना.

हे चित्र पालटले ते सप्टेंबर १८८०मध्ये, इटलीतील मिलान शहरी. बधिरांच्या शिक्षणाविषयी तेथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली. प्रतिनिधी १६४ होते आणि त्यांपैकी बधिर केवळ एक, अमेरिकेचे जेम्स डेनिसन. परिषदेच्या दिवसांत स्थानिक शाळांतील बधिर मुलांना पाहुण्यांसमोर उभे करण्यात आले. मुले तोंडाने बोलली, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे दिली आणि सभा भारावून गेली. ही मुले किती वर्षे बधिर होती, काहींना पूर्वी ऐकू येत होते काय, प्रश्न आधी ठरलेले होते काय, याची कसून चौकशी झाली नाही. दीर्घ पूर्वतयारी आणि घोटून घेतलेला सराव यांच्या खुणा डेनिसन यांना त्या प्रयोगांत स्पष्ट दिसल्या आणि त्यांनी तसे नमूदही केले. परंतु मताला पडलेल्या मुख्य ठरावात खुणांच्या भाषेहून मुखाने बोलण्याची पद्धत श्रेष्ठ ठरली: बाजूने १६० मते, विरुद्ध अवघी ४.

एका प्रात्यक्षिकाचे मूल्यमापन चुकले म्हणजे काय होते, याचे इतके ढळढळीत उदाहरण विरळाच. परीक्षकांनी मुलांना आवाजासाठी गुण दिले. मुलाला काय समजले, तो स्वतःहून काय सांगू शकतो, हे त्यांनी तपासलेच नाही. या एका निकालाच्या आधारे देशोदेशींच्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली आणि तिच्याबरोबर अनेक बधिर शिक्षकांनाही घरी बसावे लागले. १३० वर्षांनंतर, जुलै २०१०मध्ये, कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरलेल्या याच परंपरेतील परिषदेने मिलानचे ठराव नाकारून झाल्या हानीबद्दल खेद व्यक्त केला. तोवर कित्येक पिढ्यांचे शालेय वय निघून गेले होते.

हिंदुस्थानात बधिरांची पहिली शाळा १८८५ साली मुंबईत बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने निघाली. मिलानला तेव्हा पाचच वर्षे झाली होती. त्यामुळे आपल्याकडील शिक्षणावरही ओठ वाचण्याचा आणि उच्चार घोटण्याचा ठसा उमटला. १८९३ साली कलकत्त्यास शाळा निघाली आणि पुढे अन्यत्रही निघत गेल्या. वर्गात मुखाची भाषा आणि वर्गाबाहेर, वसतिगृहात, खेळाच्या मैदानावर हातांची भाषा, अशी ही दुहेरी राहणी अनेक दशके चालली. शिक्षकांच्या नजरेआड जी भाषा वाढली, तीच पुढे अभ्यासाचा विषय झाली.

१९६० साली विल्यम स्टोको यांनी अमेरिकेतील खुणांच्या भाषेला स्वतःची रचना आहे असे दाखवून दिले. आपल्याकडे स्वतः बधिर असलेले संशोधक मदन वसिष्ठ आणि त्यांचे सहकारी यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगळूर या चार शहरांतील बधिरांच्या खुणा टिपल्या. शब्दाशब्दांत प्रादेशिक फरक आढळले. तरी मूळ भाषा एकाच कुळातील निघाली. पुढे उल्रिके झेशान यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने तर दिल्ली आणि कराची येथील बधिरांच्या भाषेचे व्याकरणही एकच असल्याचे मांडले.

सीमेवर राहणाऱ्या आम्हा मंडळींना येथे क्षणभर थांबावेसे वाटते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना भाषेच्या पायावर झाली आणि अक्कलकोट एका राज्यात, तर अफजलपूर दुसऱ्या राज्यात गेले. मुंबईचा बधिर आणि बंगळूरचा बधिर यांना मात्र ही रेषा लागू पडली नाही. आपण मराठी-कन्नडचा हिशेब मांडीत असताना त्यांचे संभाषण दुभाष्यावाचून चालले होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बधिर वक्त्याचे भाषण पाहावे कसे आणि तोलावे कसे? पहिली गोष्ट चेहऱ्याची. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नवाचक खूण बहुधा वाक्याच्या शेवटी येते आणि भुवया तिला साथ देतात. नकारात मानेची हालचाल येते. हे व्याकरण आहे. परीक्षकाने त्याला हावभावाच्या रकान्यात टाकून अभिनय छान म्हटले, तर ते मराठीतील विभक्तिप्रत्ययाला अलंकार म्हणण्यासारखे होईल. दुसरी गोष्ट जागेची. वक्ता समोरच्या रिकाम्या अवकाशात डावीकडे नदी ठेवतो, उजवीकडे गाव ठेवतो आणि पुढे त्या त्या जागेकडे निर्देश करून कथा चालवितो. ठेवलेली जागा त्याने मध्येच बदलली, तर पाहणाऱ्याचा गोंधळ होतो आणि तो दोष ठरतो. सर्वनामांचा घोळ घालणाऱ्या वक्त्याचे गुण आपण कापतोच. येथे मूल्यमापनाची खरी कसोटी आहे. ज्या परीक्षकाला दोष दिसत नाहीत, त्याला गुणही दिसलेले नसतात. सरसकट टाळ्या आणि डोळ्यांतील पाणी हा दयेचा उद्गार झाला, परीक्षण नव्हे.

तिसरी गोष्ट दुभाष्याची. दुभाषा वक्त्याच्या काही क्षण मागे असतो, म्हणून विनोदावरचे हसू उशिरा उमटते. दुभाष्याचा शब्द अडखळला म्हणून वक्ता अडखळला असे होत नाही. दीर्घ सभेत हात आणि मन थकतात, म्हणून दोन दुभाषी आळीपाळीने काम करतात.

याच तागडीत ऐकू येणारा वक्ताही घालून पाहावा. परीक्षक बधिर असेल, तर आपल्या नामांकित वक्त्याच्या आवाजातील चढउतार त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाहीत. पोहोचेल ती मांडणी, दृष्टांत, युक्तिवादाची साखळी आणि वक्त्याचा चेहरा. कागदात डोके खुपसून वेगाने वाचणारा, पाठीमागे उजेड घेऊन उभा राहणारा, दुभाष्याला श्वास घेऊ न देणारा वक्ता तेथे मागे पडेल. गर्जनेवाचूनही ज्याचे भाषण उभे राहते, तोच टिकेल. वक्तृत्वाची ही कसोटी आमच्या मते कोणत्याही व्याख्यानमालेस लाभदायक ठरेल.

गेल्या काही वर्षांत कायद्यानेही पावले टाकली आहेत. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेसाठी राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर झाले. २०१६च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने संवादाच्या व्याख्येत खुणांच्या भाषेला स्थान दिले आणि त्या केंद्राचा शब्दकोश २०२१ साली १०,००० शब्दांवर गेला. परंतु खरी परीक्षा सभेतच होते. २२ सप्टेंबर २०२३ रोजी बंगळूरच्या बधिर वकील सारा सनी सर्वोच्च न्यायालयापुढे दूरदृश्य पद्धतीने उपस्थित झाल्या. त्यांच्या दुभाष्याचे चित्र पडद्यावर दिसू द्यावे की नाही, येथपासून प्रश्न निघाला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने परवानगी दिली. त्या दिवशी दुभाष्याच्या वेगाचे कौतुक झाले आणि ते यथार्थही होते. पुढे एप्रिल २०२४मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयात त्यांनी दुभाष्यामार्फत आपल्या अशिलाची बाजू मांडली. याच उच्च न्यायालयाचे एक खंडपीठ आपल्या कलबुर्गीत आहे. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे वाटचाल ध्यानात येते: प्रथम भाषा दिसू देण्याचा प्रश्न होता, नंतर वकिलाचा युक्तिवाद न्यायालयाच्या विचारात आला.

हा विषय आपल्या घराण्यांपुढे मांडण्याचे कारण सांगून लेखणी आवरतो. निजामी अमलात आपल्या पूर्वजांची घरात मराठी, बाजारात कन्नड आणि कचेरीत उर्दू अशी कसरत चालली. पुढे शाळा आणि कारभार कन्नडचा झाला. उच्चार कच्चा असला म्हणजे विचारही कच्चा ठरतो, हा अनुभव सीमेवरच्या माणसास नवा नाही. ज्या गुरुचरित्राचे आपण पारायण करतो, त्याचे कर्ते सरस्वती गंगाधर यांनीही महाराष्ट्र भाषा आपली नव्हे असे आपल्या ग्रंथात म्हटले आहे. तरी त्या ग्रंथाला आपण उच्चाराच्या तराजूत कधी तोलले नाही. हाच न्याय आपल्या सभागृहांत आणि स्पर्धांत बधिर मुलामुलींना मिळावयास हवा. त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. व्यासपीठावर समोरून पुरेसा उजेड हवा. दुभाषा वक्त्याजवळ उभा हवा. परीक्षकांत सांकेतिक भाषा जाणणारी, शक्यतो बधिर, एक तरी व्यक्ती हवी. आणि टिपणे करण्यासाठी तिला नजर खाली वळवावी लागते, म्हणून दोन भाषणांत थोडा अवकाश हवा. गुणपत्रिकेतील उच्चाराच्या रकान्याचे नाव बदलून भाषेची स्पष्टता असे केले, तर तो रकाना मुखाला आणि हातांना सारखाच लागू पडेल. भाषण संपल्यावर बधिर श्रोते दोन्ही हात उंचावून बोटे हलवितात. ती त्यांची टाळी होय. सभेने तीही शिकून घ्यावी.