वालाच्या मुळांचा इतिहास

मांडव्याचं नाव काढलं की कुणाला 'अग्निपथ' आठवतो, कुणाला २०२० साली सुरू झालेली रो-रो बोट. इतिहासाची आवड असलेले लोक कुलाब्याच्या आंगऱ्यांपाशी येऊन थांबतात. मला मात्र आज आमच्या वालाच्या शेतांचा इतिहास सांगायचा आहे.

भात कापलं की जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. वालाला फारसं खत लागत नाही, हे वाडवडिलांना ठाऊक होतं. का लागत नाही, हे कळायला १८८६ साल उजाडावं लागलं. हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी दाखवून दिलं, की शेंगा धरणाऱ्या पिकांना हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींमुळे मिळतो. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंक यांनी त्या गाठींतले जिवाणू वेगळे काढले.

हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो. मूळ मातीत काही द्रव्यं सोडतं, ओळखीचा जिवाणू त्याला रसायनानंच उत्तर देतो, मग मूळ त्याला आत घेतं. झाड साखर देतं, जिवाणू नत्र देतो. इथे कामचुकारपणा चालत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोयाबीनवरच्या प्रयोगात, नत्र न देऊ शकलेल्या जिवाणूंची वाढ जवळजवळ निम्म्यावर आली. कोट्यवधी वर्षं दोघांनी एकमेकांना असं घडवलं आहे.

आणि झाडाला नत्र आयता मिळाला तर? अमेरिकेत मिशिगनमध्ये २२ वर्षं नत्रखत दिलेल्या जमिनीतले जिवाणू क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाला कमी उपयोगी ठरले, असं २०१५ मध्ये दिसून आलं. भांडण झालं नाही. गरज सरली आणि नातं सैल झालं.

वर्गात मी मुलांकडून तहांची कलमं पाठ करून घेत असे. हा तह पुस्तकात नव्हता. तो शाळेबाहेरच्या शेतात दर हिवाळ्यात नव्यानं होत होता.

आता त्यातल्या बऱ्याच शेतांवर भराव पडून बंगले उभे राहिले. जमीन विकणाऱ्याला मी दोष देत नाही, प्रत्येकाची अडचण असते. पण सातबाऱ्यावर नवं नाव चढतं, तेव्हा मातीतल्या या जुन्या कुळांची नोंद कुठेच होत नाही.

तुमच्याकडे वाल असेल, तर तो फुलावर आला की एखादं रोप अलगद उपटून पाहा. गाठ कापल्यावर आत गुलाबी दिसली, तर समजा, तह अजून पाळला जातोय.