गारव्याचा हिशेब

शहापूर-मुरबाडच्या घरांत गारव्याचा जुना धनी म्हणजे मातीचा माठ. आता त्याच्या शेजारी फ्रीज आला आहे. पण त्याच्या नळ्यांतून फिरणाऱ्या वायूचा इतिहास आम्ही सहसा विचारीत नाही. तो इतिहास मोठा बोधप्रद आहे.

१९२८ साली अमेरिकेत टॉमस मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन हा शीतकारक वायू पुढे आणला. तो विषारी नव्हता, पेटतही नव्हता. म्हणून जगाने त्याचे स्वागत केले. १९७४ मध्ये मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की हाच वायू पृथ्वीचे ओझोन-कवच पोखरू शकतो. १९८७ साली माँट्रियल येथे करार झाला आणि १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात याच कराराची दखल यशाचा दाखला म्हणून घेतली.

परंतु बदली आलेल्या हायड्रोफ्लुरोकार्बनांनी ओझोनला सोडले आणि उष्णतेला कोंडले. त्यांतील आर-१३४ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापदायक आहे. म्हणून २०१६ साली किगाली येथे करारात दुरुस्ती झाली; २०२१ मध्ये भारताने तिला संमती दिली. आपल्या देशातील कपात २०३२ पासून सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जायची आहे.

पर्याय दूर नाही. सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथील गोदरेजच्या कारखान्यात २०१२ पासून प्रोपेनवर चालणारी वातानुकूलन यंत्रे तयार होऊ लागली. प्रोपेनचा ताप त्या मानाने नगण्य. मात्र तो ज्वालाग्राही असल्याने दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला रीतसर शिक्षण हवे.

कायदा कारखान्याला बांधतो. वायू मात्र पुष्कळदा दुरुस्तीच्या दुकानात किंवा भंगारवाल्याच्या अंगणात नळी कापताना सुटतो. तानसा-भातसाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात शहापूरचे पाडे टँकरची वाट पाहतात. गारवा एकाला आणि ताप दुसऱ्याला, असा हिशेब पुन्हा मांडला जाऊ नये. म्हणून जुना फ्रीज भंगारात देण्यापूर्वी आतला वायू नीट काढून घेणारा जाणकार शोधावा, एवढे तरी आम्ही करू शकतो.