गुन्हेगार नायक आणि शृंगार : मराठी रंजनप्रधान कादंबरीतील एक फारकत

भिवंडीच्या परिसरात, मुंबई-नाशिक महामार्गालगत, गोदामांच्या रांगा आहेत. घरबसल्या मागवलेला बराचसा माल तेथून मुंबई-ठाण्याकडे रवाना होतो. पुस्तकेही त्यात असतात. अलीकडे तरुण वाचकवर्गात, विशेषतः स्त्रीवाचकांत, लोकप्रिय झालेला ‘माफिया रोमान्स’ हा प्रकार मराठी घरात येतो तो अशा पार्सलांतून किंवा मोबाइलच्या पडद्यावरून. या कथेत टोळीचा प्रमुख हाच प्रियकर असतो. नायिका त्याच्या ताब्यात असते, कधी बापाच्या कर्जापोटी, तर कधी दोन टोळ्यांतील तहापोटी. आणि तिचे बंदिवान असणे हाच शृंगाराचा आरंभबिंदू मानला जातो. ब्लांका लिपिन्स्का या पोलिश लेखिकेच्या २०१८ मधील कादंबरीने व तिच्यावरील २०२० च्या चित्रपटाने हा साचा जगभर पोहोचवला.

मराठीपुरता हा प्रकार आयात केलेला आहे, एवढे म्हणून थांबणे सोपे आहे. परंतु मुंबईसारखे टोळ्यांचे शहर हाताशी असताना आणि रंजनप्रधान कादंबरीची दांडगी परंपरा असताना तो मराठीत स्वतंत्रपणे का उपजला नाही, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाने टाळता कामा नये.

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार कायद्याच्या सीमारेषेवर वावरतो, साहस करतो, आणि त्याच्या सोबतीला विजया असते. म्हणजे गुन्हेगारीचे जग, त्यात लीलया वावरणारा नायक आणि त्याची प्रिया, ही सर्व सामग्री येथे सिद्ध आहे. पण शयनगृहाचे दार बंद राहते. याचे कारण लेखकाच्या सोवळेपणात शोधण्यापेक्षा पुस्तकाच्या प्रवासात शोधणे अधिक योग्य ठरेल. वाचनालयातून आणलेली रहस्यकथा घरात थोरला मुलगा वाची, आई वाची, आजोबाही वाचत. चारचौघांत उघडे राहणारे पुस्तक शृंगाराला जागा देऊ शकत नव्हते.

शृंगाराची जबाबदारी दुसऱ्याच लेखकांकडे गेली, आणि त्यांतील ठळक नाव चंद्रकांत काकोडकरांचे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ प्रसिद्ध झाली आणि भारतीय दंडसंहितेच्या कलम २९२ खाली खटला उभा राहिला. कनिष्ठ न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवले आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मुक्त केले. पाच वर्षांपूर्वी, रणजित उदेशी प्रकरणात, त्याच न्यायालयाने लॉरेन्सची कादंबरी विकणाऱ्याची शिक्षा कायम ठेवली होती. ‘श्यामा’च्या निकालात मात्र समाजाच्या बदलत्या मापदंडांची दखल घेतली गेली. या खटल्याची चर्चा कायद्याच्या ग्रंथांत जितकी झाली, तितकी मराठी समीक्षेत झाली नाही. लोकप्रिय लेखकाच्या बचावासाठी लेखणी झिजवणे आपल्या प्रतिष्ठित समीक्षकांना बहुधा कमीपणाचे वाटत असावे.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की काकोडकरांचे जग पांढरपेशा घराचे आहे. त्यांच्या ‘नीलांबरी’वरून ‘दो रास्ते’ (१९६९) आणि ‘अशी तुझी प्रीत’वरून ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ (१९७८) हे चित्रपट निघाले, आणि दोन्ही कुटुंबवत्सल प्रेक्षकांनी उचलून धरले. ज्याच्यावर अश्लीलतेचा आरोप झाला, त्याच्याच कथा सहकुटुंब पाहिल्या गेल्या. म्हणजे वाद कामभावनेचा जितका होता, तितकाच ती एकट्याने वाचली जाण्याचा होता.

गुन्हा आणि देह एकत्र आले ते रंजनाच्या बाहेर. जयवंत दळवींच्या ‘चक्र’मध्ये (१९६३) आणि भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’मध्ये (१९६५) वासना आहे, दादागिरी आहे, पण प्रणयाची झिलई नाही. ‘वासूनाका’वर आचार्य अत्रे तुटून पडले आणि दुर्गा भागवतांनी त्याची बाजू घेतली. ‘चक्र’मधील लुक्का बेनवाला थोर वाटतो, वाचकाला वाटत नाही, रवींद्र धर्मराज यांच्या १९८१ च्या चित्रपटात तर तो रोगाने पोखरून गेलेला दिसतो. माफिया रोमान्समधील नायक नायिकेला जे ‘संरक्षण’ देतो, ते झोपडपट्टीत हप्त्याचे दुसरे नाव असते. दळवी-पाध्यांच्या वाचकाला हा शब्द फसवू शकत नव्हता. आयात कथेच्या वाचकाला तो फसवतोच असे नव्हे. आपण कल्पित सुरक्षिततेचा खेळ खेळत आहोत हे ती जाणून असते, आणि खऱ्या शहरात रात्री एकटीने फिरताना जे मिळत नाही ते पानांवर मागते. तिच्या या मागणीला विकृती म्हणून निकालात काढणारी समीक्षा १९६० च्या दशकातील फिर्यादींच्याच पंगतीला बसते.

मात्र या कथांत एक जागा सातत्याने रिकामी राहते. नायकाचे ऐश्वर्य कोणाच्या श्रमातून येते, हे तेथे विचारले जात नाही. भिवंडीत तोच प्रश्न आधी पुढे येतो. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे पुष्कळसे कापडकाम या शहराच्या यंत्रमागांकडे वळले. उत्तर भारतातून आलेल्या विणकरांनी आधीपासूनच ते वसवले होते. संघटित हिंसेशी या शहराची ओळख त्याहून जुनी. १९७० च्या दंगलीनंतर भीष्म साहनी बलराज साहनींसह येथे आले. उद्ध्वस्त वस्ती पाहताना त्यांना १९४७ ची रावळपिंडी आठवली आणि त्यातून ‘तमस’ उभी राहिली. कथानक पंजाबात घडते. भिवंडीचे नाव त्यात नाही. आज महामार्गालगतच्या गोदामांतून निघणाऱ्या प्रणयकथांतही गोदाम येते ते शत्रूला खुर्चीला बांधून ठेवण्यापुरते. तेथे खोकी उचलणारे कोणी दिसत नाही.