उताराचं पाणी, चढावरचा हंडा



दर २ जानेवारीला सिद्धगडला अभिवादनासाठी लोक जमतात, आपल्यातल्याही बऱ्याच जणी असतात. १९४३ साली याच दिवशी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले होते. तारा आपल्या डोंगरातून जायच्या, उजेड मुंबईत पडायचा. पाण्याची गोष्ट त्याहून जुनी आहे. आज तीच सांगते.

मुंबईला नळाचं पाणी १८६० साली विहार तलावातून मिळालं. १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला, तरी पुरेना. टुलॉक नावाच्या पालिकेच्या इंजिनिअरने लांबवर बघितलं आणि शहापूरची तानसा नदी सुचवली. इथे पाऊस दांडगा. आणि मुख्य म्हणजे जागा मुंबईपेक्षा उंच, त्यामुळे पाणी आपोआप उताराने जाणार, पंप लागणार नाही. १८९२ साली तानसा सुरू झालं. पैसा? पालिकेने कर्ज काढलं आणि पाणीपट्टीतून फेडलं. आपला गट बँकेकडून उचल घेतो आणि हप्त्याने फेडतो, त्यातलाच हा मोठा प्रकार. पण पाणीपट्टी भरणाऱ्यांसाठी आखलेली ती योजना. वाटेवरचे पाडे त्या हिशेबात नव्हते.

पुढे १९५७ मध्ये वैतरणेवर मोडकसागर झालं, मग ऊर्ध्व वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा. एकट्या भातसाचं पाणी मुंबईच्या गरजेचा जवळजवळ निम्मा वाटा उचलतं. मुरबाडकडे बारवी धरण औद्योगिक महामंडळाने बांधलं. काळू धरणाचं कामही असंच मोठ्या शहरांसाठी सुरू झालं होतं, पण वनजमिनीची परवानगी नव्हती म्हणून २०१२ साली उच्च न्यायालयाने ते थांबवलं.

आता तुम्ही म्हणाल, धरण उशाला, मग मार्च लागला की टँकर कशाला? सगळं राजकारणच आहे, असं नाही. धरण असतं दरीत आणि आपले पाडे असतात चढावर. मुंबईला पाणी खाली जातं, आपल्याला ते वर चढवावं लागतं. वर चढवायचं म्हणजे पंप, पंप म्हणजे वीजबिल. नळयोजना झाली, टाकी उभी राहिली, बिल थकलं, वीज तोडली, आणि टाकीला वेल चढले, हे तुम्ही आसपास पाहिलंच असेल. विहिरीचं म्हणाल तर आपला काळा पाषाण पाणी धरून ठेवत नाही. पाऊस धो धो पडतो आणि वाहून जातो.

म्हणून शहापूरसाठी भावली धरणाची योजना मला महत्त्वाची वाटते. भावली आहे घाटमाथ्यावर, इगतपुरी तालुक्यात. तिथून पाइपलाइन कसारा घाट उतरून खाली येणार, म्हणजे पाणी उताराने येणार. मुंबईसाठी सव्वाशे वर्षांपूर्वी वापरलेली युक्ती आता आपल्या वाट्याला येते आहे! अडचणी कमी नाहीत. ते पाणी मुळात गोदावरी खोऱ्यातलं, त्यावर पलीकडच्या लोकांचाही हक्क. मार्गात वनजमीन. मंजुरी मिळाली, काम सुरू झालं, तरी टँकर काही हटले नाहीत.

पैशाचं गणितही ऐका. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात देण्याचं ठरलं. आपल्या राज्यात खर्च केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा करतात. पण तो बांधकामाचा. पुढे वर्षानुवर्षं पाणी सोडणाऱ्याचा पगार, फुटलेला पाइप, क्लोरीन, हे गावालाच बघायचं असतं. या योजनेच्या नियमाप्रमाणे गावच्या पाणी समितीत निम्म्या जागा बायकांच्या असतात. बहुतेक ठिकाणी त्यांची नावं आधीच लिहिलेली असतात आणि सह्या घरी येऊन घेतात.

तेव्हा येत्या ग्रामसभेत नकाशा मागा. टाकी कुठल्या टेकाडावर आहे, शेवटचा नळ कुणाच्या दारात, मधल्या वाडीला फाटा आहे का, हे बोट ठेवून विचारा. ठाकूरवाडी, कातकरीवाडी अशी नावं नकाशात दिसली नाहीत तर ती ठरावात लिहून घ्या. पाइप पुरल्यावर फाटा काढायचा म्हणजे परत मंजुरी, परत पैसा, आणि तोवर आणखी दोन-तीन उन्हाळे.